बसण्याआधीचं वाक्य

कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी हा दरवर्षीचा एक उपचार असतो. दंडाला पट्टा, बोटातून थेंबभर रक्त, वजनकाट्यावर पोट आत ओढून उभं राहणं (काट्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं, तरी), आणि शेवटी एक नर्स संगणकासमोर बसून चार प्रश्न विचारते. ह्या वेळची नर्स तिशीतली होती, हसऱ्या चेहऱ्याची. माझ्याकडे बघून म्हणाली, "कानातले काय छान आहेत हो तुमचे!" मी म्हटलं, मुलानं पाठवलेत. मग मुलगा कुठे असतो, येतो का, फोन तरी करतो का, असं बोलता बोलता तिनं विचारलं, "आणि झोप कशी लागते?" घरात नवऱ्यालासुद्धा कशाचा पत्ता लागू न देणाऱ्या मी तिला सांगून टाकलं, की तीन वाजता जाग येते, मग स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहते, आणि अगदीच नको झालं तर शेजारणीच्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी गोळी मागून घेते. सांगताना बरं वाटत होतं. कोणीतरी मान तिरकी करून ऐकत होतं. मग तिची बोटं चालल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मी विचारलं, "काय लिहिलंत?" ती म्हणाली, "काही नाही हो, नेहमीचंच."

मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि बसथांब्याच्या उलट्या दिशेला चालू लागले. गोळीचं काय ते सोडा. त्यावरून फार तर एखादं पत्र येईल, डॉक्टर बोलावतील. पण 'काही नाही हो, नेहमीचंच' हे माझं वाक्य होतं. त्याच सुरात, शेवटी तसंच हलकं हसून, मी ते चार महिन्यांपूर्वी एका माणसाला म्हटलं होतं. तो बेकरीत भट्टीवर काम करणारा, चौतिशीचा, एकटा बाप. त्याची मुलगी त्या दिवसानंतर तेराव्या दिवशी बालगृहात गेली आणि अजून तिथंच आहे. येत्या गुरुवारी तिच्याबद्दल बालकल्याण समिती निर्णय घेणार होती, आणि समितीसमोर कागद एकच होता: माझा.

माझं काम लोकांच्या घरी जाण्याचं. पदाचं नाव समाजसेविका. त्यातल्या सेवा ह्या शब्दानं मला सव्वीस वर्षांनंतरही ओशाळल्यासारखं होतं. शाळेतून, दवाखान्यातून, शेजाऱ्यांकडून कळतं की अमुक घरातल्या मुलाचं काही ठीक दिसत नाही. मग मी जाते, बघते, बोलते आणि अहवाल लिहिते. मी नवी होते तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली होती. दारातून आत गेलं की एक वाक्य म्हणायचं, आणि ते उभ्यानं म्हणायचं: 'तुम्ही मला जे सांगाल ते मला लिहावं लागेल, आणि ते वाचून दुसरी माणसं तुमच्या मुलाबद्दल ठरवतील.' मग बसायचं. बसल्यावर म्हटलंस तर ते वाक्य राहत नाही, त्याच्या गप्पा होतात, असं त्या म्हणायच्या. उभ्या माणसाला लोक पाहुणा समजत नाहीत. मला तेव्हा हे फार कोरडं वाटलं होतं. इतक्या जवळिकीनं लोकांकडे जायचं आणि आधी दारात उभं राहून त्यांना धमकावायचं! नंतर कळलं की धमकी नाही ती, उलट त्या एका वाक्यापुरती माणसाला स्वतःच्या घरात स्वतःची इज्जत मिळते. काय सांगायचं, काय गिळायचं, हे त्याचं तो ठरवू शकतो. गेली दहा वर्षं नव्या मुलींना हे मीच शिकवते. माझा हातखंडा विषय आहे तो. वर्गात मी उभं राहून करूनही दाखवते, आणि मुली हसतात.

त्या बेकरीतल्या बापाच्या घरी जायला तीन मजले होते आणि माझा उजवा गुडघा त्या आठवड्यात भलताच रुसला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे. दार मुलीनं उघडलं. सहा वर्षांची, समोरचा एक दात पडलेला, दोन घट्ट, एकसारख्या वेण्या, आणि भांग इतका सरळ की माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. "वेण्या कोणी घातल्या ग?" "बाबांनी." मागून तो आला, हात पुसत, ओशाळून हसत. म्हणाला, "दोरीवर शिकलो." बायको आजारात गेली त्याला दोन वर्षं झाली होती, पहिल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी मुलीचे केस कापून टाकायला सुचवलं, तेव्हा त्यानं खिडकीच्या गजाला दोरीचे तीन पदर बांधले आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या शेजाऱ्याची, गज खडखडतात म्हणून, बोलणी खात तासभर सराव केला. मी खुर्ची ओढली आणि बसले. गुडघ्यातली कळ थांबली. "खरंच फार छान घातल्यात," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. मी खोटं बोलले असते तर आज इतका त्रास झाला नसता. तसं बोलल्यानं माणसं मोकळी होतात हे मला माहीत होतं, आणि तरी ते मनापासून होतं. ह्या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. बाप कौतुकाला आसुसलेला होता. दोन वर्षांत त्याला सगळ्यांनी काय चुकतंय तेच सांगितलं होतं. मुलगी बाहेर जिन्यात खेळायला गेली आणि त्यानं माझ्यासमोर बसून बोलायला सुरुवात केली. "ताई, कोणाला सांगितलं नाही अजून," असं म्हणून त्यानं सांगितलं, की भट्टी पहाटे पेटते. साडेतीनला तो निघतो तेव्हा ती झोपलेली असते. बाहेरून कुलूप लावतो. आठला येतो, तिला उठवतो, वेण्या घालतो, शाळेत सोडतो. हल्ली ती मधेच उठते, असं तिनंच सांगितलं. उठते आणि दाराशी बसून तो येईपर्यंत गाणी म्हणते. हे सांगताना त्याचा आवाज गेला. मी टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. मग मी लिहू लागले तेव्हा त्यानं विचारलं, "काय लिहिताय?"

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. 'पालक मुलीस दररोज पहाटे साडेतीन ते आठ ह्या वेळेत एकटीस घरात कुलूपबंद ठेवतो.' ह्यात एक अक्षर खोटं नाही. आणि हे लिहायला नको होतं असंही मी म्हणणार नाही. साडेचार तास, घरात गॅस, बाहेरून कुलूप, आग लागली तर ते दार उघडणार कोण! मी न लिहिता तसंच सोडलं असतं आणि काही झालं असतं, तर? तेव्हा मुलगी सुरक्षित जागी गेली, हे बरोबर झालं. एवढं मी स्वतःला चार महिने सांगत होते आणि ते मला पटतही होतं. पण अहवालाच्या पहिल्याच छापील पानावर एक चौकोन असतो: 'दिलेली माहिती लिहून घेतली जाईल याची पूर्वकल्पना दिली', पुढे होय आणि नाही. आम्ही सगळेच ते चौकोन नंतर भरतो. बस यायला वेळ असतो, कागद मांडीवर असतात, खुणा करत सुटतो, नाव, पत्ता, खोल्या किती, खिडक्या किती, पूर्वकल्पना होय. त्या दिवशी मी बसथांब्यावर, दुखरा गुडघा पुढे पसरून, ती खूण केली. तेव्हा मला एक क्षण काहीतरी आठवलं होतं का? आठवलं असावं. हात थांबल्याचं आठवतं. मग बस आली.

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना मी त्याला एकदा झोपलेला सोडून, बाहेरून कडी घालून, कोपऱ्यावरून दूध आणायला गेले होते. वीस मिनिटं. दुकानात रांग होती. परत आले तर तो पलंगाखाली होता, ओला, आणि मला बघून रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. आज तो मुलगा मला कानातले पाठवतो. माझ्याकडे कोणी मान तिरकी करून बसलं नाही, म्हणून ते कुठल्याही कागदावर नाही.

साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, वाईट माणूस नाहीत. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं. "किती जणांना बोललीस?" "तुम्हालाच." "मग इथंच ठेव." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ, अध्यक्षबाई ह्या माणसाबद्दल नरम आहेत. त्यानं पाळी बदलून घेतली म्हणतात. मला वाटतं, गुरुवारी अटी घालून मुलगी परत देतील. तू उठून सांगितलंस की चौकोन खोटा आहे, तर अहवाल बाद. दुसरी समाजसेविका, नवी भेट, पहिल्यापासून सगळं. महिना, सव्वा महिना. आणि तोवर पोर तिथंच. कोणासाठी करायचंय तुला हे? त्याच्यासाठी, का तुझ्या झोपेसाठी?" झोपेचं त्यांना माहीत नव्हतं, सहज बोलून गेले, पण मला कानफटात बसल्यासारखं झालं. कारण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "आणि गुरुवारी नाहीच दिली तर?" "नाहीच दिली तर सहा महिने," ते म्हणाले. "पण देतील ग. बहुतेक देतील." त्या 'बहुतेक'नंतर त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ते म्हणाले, "मी तुला अडवत नाही. फक्त शहाणी हो."

शहाणं होणं म्हणजे काय ते बुधवारी दुपारपर्यंत मला कळलं नाही. एकदा वाटायचं, गप्प बसावं, पोर घरी येऊ दे, मग काय ते. लगेच वाटायचं, हे गप्प बसणं पुन्हा माझ्याच सोयीचं आहे, नोकरी, नाव, वर्गात उभं राहून मिरवणं, सगळं शाबूत. आणि बोलावं म्हटलं तर तेही माझ्याच सोयीचं: मन हलकं माझं, महिना त्यांचा. कुठूनही गेलं तरी मीच मधे येत होते. नवरा जेवताना म्हणाला, "तुझं लक्ष कुठंय? तिसऱ्यांदा मीठ मागतोय." मी मीठ दिलं आणि तेव्हा सुचलं, की हे ठरवणारी मी कोण? मी दोन दिवस ज्याच्याबद्दल डोकं फोडून घेत होते त्याला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्या वेळीही नेमकं हेच तर झालं होतं.

बेकरीच्या मागच्या बाजूला पिठाची पोती उतरवायची जागा आहे. त्याची पाळी आता दहा ते सहा होती. तो बाहेर आला, भुवयांवर पीठ, आणि मला बघून घाबरला. "तिला काही झालं?" "नाही, ती बरी आहे." तिथं एक उलटी पेटी होती, त्यानं ती पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. मी त्याला सांगितलं. त्या दिवशी घरात आल्यावर मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. ती सांगितली असती तर कुलपाचं बोलायचं का नाही हे तुम्ही ठरवलं असतं. आणि कागदावर मी सांगितल्याची खूण केली आहे, ती खोटी आहे. मग पुढचं सगळं, साहेब म्हणाले तसं, बोलले तर काय, नाही बोलले तर काय, बहुतेक, कदाचित, सव्वा महिना, सहा महिने. तो ऐकत होता. मधेच आतून कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं हात वर करून थांबायला सांगितलं.

"म्हणजे तुम्ही ताई म्हणून नव्हता आलात," तो म्हणाला.

"दोन्ही म्हणून आले होते. तेच चुकलं."

"मी शेजारच्या वहिनींना सांगत होतो, की एक ताई येऊन गेल्या, फार चांगल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात गाडी आली." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तुम्ही काय कराल माझ्या जागी?"

"ते मी सांगू नये. तुम्हाला त्यानं—"

"वा! नको होतं तेव्हा ताई झालात, आणि आता विचारतोय तर मॅडम."

 तो पेटीवर स्वतःच बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. हातांवर भाजल्याचे जुने डाग होते, आणि मी पहिल्या दिवशी खोल्या, खिडक्या सगळं मोजलं होतं पण हे डाग बघितले नव्हते. त्यानं विचारलं, "हा कागद राहतो का? म्हणजे तिला कधी दिसेल का?" मी म्हटलं, "अठरा वर्षांची झाली की मागू शकते. तिचा हक्क आहे." "त्यात काय दिसेल? बाप कोंडून ठेवायचा, एवढंच?" "आत्ता तरी एवढंच आहे." "तीनदा पाळी बदलून मागितली होती, ते?" "ते तुम्ही मला सांगितलं नव्हतं." "तुम्ही विचारलं नव्हतं," तो म्हणाला. मग उठून उभा राहिला आणि कपाळावरचं पीठ पुसलं. "बोला उद्या. सगळंच असू दे त्यात. कुलूप मी लावलं, ते मीच सांगतो त्यांना, तोंडानं. तुमचं तुम्ही सांगा. उद्याच देणार असतील तर देतील, नाहीतर..."  आतून पुन्हा हाक आली आणि तो गेला.

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, तीन माणसं, आणि एक पंखा, ज्याचा आवाज सगळ्यांच्या बोलण्यावर चढतो. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, सावकाश वाचणाऱ्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, पहिल्या पानावरची खूण खोटी आहे. त्यांनी पान उलटून बघितलं, मग माझ्याकडे. "इथे होय आहे." "ती मी बसथांब्यावर केली." माझ्या मागे साहेबांनी घसा खाकरला. "किती वर्षं झाली तुम्हाला ह्या कामात?" "सव्वीस." त्यांनी तो आकडा पानाच्या कडेला लिहून घेतला. मग त्या मुलीच्या बापाकडे वळल्या आणि ते वाक्य, जे मी म्हणायचं होतं, ते त्यांनी स्वतः म्हटलं, शब्द न् शब्द, आणि वर म्हणाल्या, "आता तुम्हाला काही सांगायचं नसेल तर नका सांगू." तो उभा राहिला. त्यानं कुलपाचं सांगितलं, वेळेसकट. गाण्यांचं सांगितलं. तीनदा मालकाकडे गेल्याचं, चौथ्यांदा पगार कापून पाळी मिळाल्याचं सांगितलं. ह्या खेपेला त्याचा आवाज गेला नाही. सगळं लिहून घेतलं गेलं. मला वाटलं, अजूनही वाटतं, की त्या बाईंना तिथल्या तिथे मुलगी देऊन टाकायची होती. त्यांनी दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. पण खोट्या खुणेचा अहवाल फाइलीत ठेवून निर्णय देता येत नाही, हा नियम त्यांना मोडता आला नाही, आणि त्यांनी तो मोडू नये असं मीच दहा वर्षं शिकवत आले आहे. नवी भेट, दुसऱ्या समाजसेविकेकडून. पाच आठवडे. मी लेखी खुलासा द्यायचा, आणि तोवर घरभेटी बंद.

बाहेर व्हरांड्यात मुलगी बाकावर बसली होती, बालगृहाच्या काळजीवाहक बाईंबरोबर. एकच वेणी होती, सैल. पडलेल्या दाताच्या जागी नवा अर्धा उगवला होता. बापानं तिला उचललं, बराच वेळ तसंच धरलं, आणि तिच्या कानात काही सांगायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्याच्यानं होईना. त्यानं तिला बाकावर ठेवलं, माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच त्या दिवशी, आणि म्हणाला, "तुम्ही सांगा." आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे त्यानं माझ्यावर सूड म्हणून केलं नाही, एवढं मला कळतं. त्याच्या अंगात तेवढंच त्राण उरलं होतं.

मी तिच्यासमोर उभी राहिले. काळजीवाहक बाई माझ्यासाठी सरकल्या, पण मी बसले नाही. म्हटलं, "तुला अजून थोडे दिवस तिकडे राहायचंय. पाच आठवडे."

"बाबांनी काही केलं?"

"नाही. बाबांनी सगळं खरं सांगितलं. चूक माझी झाली. मला एक गोष्ट सांगायची होती ती मी सांगितली नाही, आणि सांगितली असं खोटंच लिहिलं. म्हणून सगळं परत करायला लागणार."

तिनं हे नीट ऐकलं. बाकावरून लोंबणारे तिचे पाय हलायचे थांबले. शाळेत कोणी खोडी काढली की कोणाला कोपऱ्यात उभं करतात, हे तिला पक्कं माहीत असणार.

"चूक तू केलीस," ती म्हणाली. रागानं नाही, हिशेब नीट लागतोय का ते बघत असल्यासारखी. "मग मी का राहायचं?"

सव्वीस वर्षांत शिकलेलं सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं: नियम, तुझ्या भल्यासाठी, थोडेच दिवस, बाबा भेटायला येतील. एकही उच्चारण्याच्या लायकीचं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. ती बाकावरून खाली उतरली, फ्रॉक सारखा केला, आणि बापाच्या बाजूला जाऊन त्याचं बोट धरलं. मोठं माणूस बरोबर आहे म्हणालं म्हणजे आता निघायचं, असं तिला वाटलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, आणि आम्ही कोणीच का हलत नाही ते तिला कळत नव्हतं.